सरनोबत तीनशिट्टे यांची चंदीगड स्वारी

बुधवार, ४ फेब्रुवारी. नाशिक रोड स्थानक, फलाट तीन, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. जवळ रोख नऊ हजार दोनशे रुपये. हजर: मी, पत्नी सुनंदा आणि शेजारचे वाणीकाका, जे आमच्या कॉलनीत कुणीही गावाला निघाले की स्टेशनवर येतात. सामान तीन नग: एक बॅग, एक लांबट खोका आणि पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर. कुकरला मी चंदेरी रंग देऊन वर दोन शिंगे बसवली होती.

"कुकर मुलीला का?" वाणीकाकांनी विचारले.

"नाही, मला. डोक्यात घालायला."

वाणीकाकांनी सुनंदाकडे पाहिले. सुनंदाने इंडिकेटरकडे पाहिले. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे तिला सवयीचे झाले आहे.

खुलासा करतो. मी बावन्न वर्षांचा आहे, हिशेबनीस आहे आणि एकोणिसाव्या वर्षापासून ॲनिमे (जपानी पद्धतीची, मोठ्या डोळ्यांच्या माणसांची चलचित्रमालिका) पाहतो. माझे मित्र मिशा वाढवत होते त्या वयात मी रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर लहान मुलांच्या रांगेत बसत असे. पाहिलेल्या प्रत्येक भागाची वहीत नोंद आहे. निघेपर्यंत सहा हजार तीनशे अठरा भाग झाले होते. या नादापायी मी चित्रे काढायला शिकलो, जपानी लिपीतली शेहेचाळीस अक्षरे शिकलो आणि सुनंदाच्या मशीनवर शिवायला शिकलो. चित्रे बरी येतात. अक्षरांपैकी एकतीस आठवतात.

आमची एकुलती एक मुलगी केतकी चंदीगडला, सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत पीएचडी करते. चौथे वर्ष आहे. ती सात वर्षांची असताना आम्ही दोघांनी मिळून आमचे स्वतःचे एक ॲनिमे रचले होते. त्याचा नायक सरनोबत तीनशिट्टे. डोक्यावर कुकर, राग आला की शिट्टी होते, तिसऱ्या शिट्टीला हल्ला. त्याची साथीदार वाफेश्वरी, जी वाफ होऊन कुठल्याही फटीतून निसटते. नावे तिची, चित्रे माझी. चंदीगडला दरवर्षी ॲनिमेवाल्यांचा मेळा भरतो आणि त्यात कॉस्प्ले (पात्राचा पोशाख घालून वावरणे) स्पर्धा असते. स्वतः रचलेल्या पात्रांचा गट वेगळा. एकदा तीनशिट्टे आणि वाफेश्वरी म्हणून जायचे, असे आमचे बरीच वर्षे चालले होते.

पण मी निघालो ते मेळ्यासाठी नाही. केतकी रोज फोन करते. नोव्हेंबरपर्यंत तिचा फोन सरासरी चौदा मिनिटे चालायचा. डिसेंबरच्या मध्यापासून तो सव्वा मिनिटावर आला. "जेवले, बरी आहे, काम आहे, ठेवते." सुनंदा म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी गेले तर तिला वाटेल तपासायला आले. तुम्ही तुमचा तो कुकर घेऊन जा."

दिल्लीला गाडी बदलायची होती. सामान यंत्रातून गेले आणि तिथल्या जवानाने मला बाजूला घेतले.

"इसमें क्या है?"

"जी, कुछ नहीं. खाली है."

"खाली है तो ले क्यों जा रहे हो?"

"पहनने के लिए."

"इसमें जाता क्या है?"

"सिर."

त्याने साहेबांना बोलावले. साहेबांनी मला तो घालून दाखवायला सांगितला. मी घातला. काखेत रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा असतो, तो दाबला की नळीवाटे हवा जाऊन शिट्टी वाजते. ती वाजवून दाखवली. साहेबांनी पुन्हा वाजवायला लावली आणि मोबाइलवर चित्रण करून घेतले. यात अठरा मिनिटे गेली. पुढची गाडी सुटायला बावीस उरली होती.

चंदीगडला गुरुवारी सायंकाळी पोहोचलो. हे शहर मला पाहताक्षणी पटले. इथे गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पत्ता म्हणजे नुसते आकडे. रस्ते सरळ, झाडे रांगेत, दर थोड्या अंतरावर एक गोल चौक. असे आखीव शहर नाशिकच्या माणसाला स्वप्नातच दिसते. फक्त सगळे चौक एकसारखे असल्याने रिक्षावाला एकाच चौकातून आम्हाला दोनदा घेऊन गेला की ते दोन वेगळे चौक होते, हे अजून ठरलेले नाही.

केतकी स्टेशनवर आली होती. अंगात दोन नंबर मोठे जाकीट. "संस्थेचं गेस्टहाउस फुल आहे यार बाबा," ती म्हणाली, "सेक्टर बावीसमध्ये लॉज बघून ठेवलंय. स्वच्छ आहे, पक्का." वाटेत एका ढाब्यावर छोले आणि कुलचे (तव्यावर भाजलेली मैद्याची जाड भाकरी म्हणा) खाल्ले. ढाब्याचा मालक दर दोन मिनिटांनी लोणी घेऊन यायचा आणि नको म्हटले की त्याला वाईट वाटायचे. मी पावणेतीन कुलचे खाल्ले. केतकीने एक मागवला, त्याचे बारीक तुकडे करून ताटभर पसरले आणि खाल्ल्यासारखे केले. तुकडे मी मोजत होतो. चार कमी झाले.

शुक्रवारी लॉजच्या खोलीत पोशाख घालून पाहिला. माझे चिलखत योगासनांच्या चटया कापून केले आहे, ते नीट बसले. वाफेश्वरीचे जाकीट पांढऱ्या साटीनचे, आत कापूस भरलेले, दिवाळीत ती घरी आली तेव्हा घेतलेल्या मापांवरून शिवलेले. ते तिने घातले आणि जाकिटात आणखी एक मुलगी मावेल एवढी जागा उरली.

मी टेप काढली. दिवाळीची छाती चौतीस. आता तीस.

"तुमची टेप ताणली गेलीय," ती म्हणाली.

मी स्वतःची छाती मोजली. एक्केचाळीस. घरीही एक्केचाळीसच होती. टेप बरोबर होती. तीन महिन्यांत चार इंच. मी टेप गुंडाळली आणि म्हणालो, "शिंपी शोधू या."

सेक्टर बावीसच्या बाजारात जिन्याखाली एक म्हातारे मास्टरजी मशीन घेऊन बसतात. त्यांनी जाकीट उलटसुलट करून पाहिले.

"रजाई है?"

"नहीं जी, भाप है."

"किसकी शादी है?"

"शादी नहीं. मुकाबला है."

"कुड़ी (मुलगी) लड़ेगी?" त्यांनी केतकीकडे चष्म्यावरून पाहिले. "इसको पहले रोटी खिलाओ."

केतकीला हसू आले. स्टेशनपासून तोवर पहिल्यांदाच. मास्टरजींनी जाकीट दोन तासांत चार इंच आत घेऊन दिले.

शनिवारी मेळा. एका मोठ्या सभागृहात हजारभर तरुण मुलेमुली, निळे केस, गुलाबी केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, मागे तीन-तीन शेपट्या. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने मला पाहून नम्रपणे सांगितले, "अंकल, पेरेंट्स का वेटिंग एरिया उधर है." मी खोक्यातून कुकर काढून डोक्यावर चढवला. तिने माफी मागितली आणि मला एकोणीसपैकी सतरावा क्रमांक दिला. वयाचा रकाना होता, म्हणून विचारून घेतले: माझ्या खालोखालचा स्पर्धक एकोणतीस वर्षांचा होता.

रंगमंचावर जायची वेळ आली. मी तलवार उपसून पुढे झालो, फुगा दाबला, पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी होईना. नळी चिलखतात अडकली होती. मी फुगा दाबत राहिलो आणि लांबून बावन्न वर्षांचा माणूस काख खाजवतोय असे दिसत राहिले. तेवढ्यात मागून वाफेश्वरीने तोंडात दोन बोटे घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या एकाचा टोप हलला. टाळ्या झाल्या. परीक्षकाने विचारले, हे कोणत्या मालिकेतले. मी इंग्रजी वाक्य जुळवत होतो, तोवर केतकीनेच माइक घेतला आणि सांगायला लागली. तीनशिट्टे कसा मूळचा स्वयंपाकघरात होता, पहिल्या लढाईत झाकण कसे उडाले, वाफेश्वरीला थंडीत का बाहेर पडता येत नाही. ती चार मिनिटे बोलली. आमचा क्रमांक चौदावा आला.

नंतर सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर, चिलखतासह, मांडीवर कुकर घेऊन मी बसलो होतो. तिने समोसा आणला आणि पूर्ण खाल्ला. मग म्हणाली, "बाबा, मी सात आठवडे लॅबमध्ये गेले नाहीये."

ती गवताकडे बघत सांगत राहिली. अकरा महिने ती एका यंत्रावर मापे घेत होती. डिसेंबरात तिच्या लक्षात आले की सुरुवातीला यंत्र जुळवताना तिनेच एक आकडा चुकीचा भरला होता. म्हणजे पुढची सगळी मापे चुकीची. हे दुसऱ्या कुणाला दिसले नव्हते, दिसलेही नसते. तिच्या मार्गदर्शक मॅडम त्याच मापांवर अहवाल लिहीत होत्या.

"चुकीचा आकडा पुढे देता येत नाही," ती म्हणाली, "आणि बरोबर आकडा माझ्याकडे नाही. मॅडमना सांगायला गेले, दारातून परत आले. दुसऱ्या दिवशी मेल केली."

"काय लिहिलंस?"

"तुम्ही आजारी आहात, मी नाशिकला चाललेय."

"मला काय झालंय?"

"कावीळ."

"सात आठवडे?"

"मध्ये उलटली."

गेस्टहाउस का फुल होते ते मला आता कळले. अर्जावर मॅडमची सही लागते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी खोली कशी मागणार.

"मग दिवसभर असतेस कुठे?"

"पिंजौरच्या बसमध्ये."

पिंजौर हे काल्क्याच्या रस्त्यावरचे गाव. हॉस्टेलच्या मुलींना संशय येऊ नये म्हणून ही रोज नऊला लॅपटॉपची पिशवी घेऊन निघायची, पिंजौरची बस पकडायची, जायची, यायची, परत जायची, परत यायची. मी म्हणालो, "उद्या मला ती बस दाखव."

रविवारी सकाळी आम्ही त्या बसमध्ये चढलो. उजवीकडची खिडकी, चौथी रांग, ही तिची जागा. कंडक्टरने तिला पाहून हात वर केला.

"मैडम जी, आज संडे को भी ड्यूटी?" मग मला, "आप पिताजी? बाबूजी, बहुत मेहनती बेटी है आपकी. एक दिन नागा (खाडा) नहीं करती. आजकल ऐसे बच्चे कहाँ."

"जी," मी म्हणालो. केतकी खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत, मला ठरवता येईना.

डावीकडे डोंगर दिसू लागले, खाली मोहरीची शेते, पिवळी. पिंजौरला उतरून बाजारात जिलबी खाल्ली. समोर कारखान्यांची पाळी सुटली होती आणि माणसे डबे हलवत घरी निघाली होती. ते डबे बघून मी तिला जे सांगितले ते आजवर कुणाला सांगितले नव्हते.

ती आठ वर्षांची असताना मी हिशेबनीस होतो तो कारखाना बंद पडला. मी सुनंदाला सांगितले नाही. साडेचार महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि एका सायबर कॅफेत सहा तास ॲनिमे पाहत बसायचो. मग एका द्राक्षांच्या शीतगृहात नोकरी लागली आणि मी घरी सांगितले की कारखाना बदलला. कॅफेच्या फळ्यावर दर तासाला वीस रुपये लिहिलेला होता, पण तिथला मालक माझ्याकडून दहाच घ्यायचा. "तुम्ही रोजचे आहात," म्हणायचा.

केतकी जिलबी खायची थांबली. "बाबा, ते दहा आई द्यायची."

"काय?"

"फॉल-पिकोच्या पैशातून. दर शुक्रवारी मला शाळेतून घेऊन तिकडे जायची. तो तुमच्याकडून अर्धे घ्यायचा, उरलेले आईकडून."

"तिला कळलं कसं?"

"तुम्ही घरखर्चाच्या वहीत रोज लिहायचात. 'इतर, साठ.' रोज साठ. तिने एक दिवस पाठलाग केला."

हे खरे होते. नोकरी गेल्याचे मी लपवू शकलो होतो, पण वही चुकीची ठेवणे मला जमले नव्हते. साठ रुपये गेले होते, तर लिहायला हवेतच. कुठे गेले तेवढे लिहिले नाही.

"तुम्ही खिडकीतून दिसायचात," केतकी म्हणाली. "कानाला ते मोठे हेडफोन. एकटेच हसत असायचात. मी म्हटलं, आत जाऊ या. तर आई म्हणाली, हसतोय ना, मग राहू दे. आणि मला सांगितलं, बाबांना विचारायचं नाही."

दोन बसेस गेल्या. शेवटी केतकीच म्हणाली, "मी उद्या मॅडमना सांगते. तुम्ही आईला सांगा."

"तिला माहीतच आहे की."

"तिला माहीत आहे. तुम्ही सांगितलेलं नाही."

मी कबूल केले.

सोमवारी सकाळी पावणेदहाला ती सेक्टर ३९ च्या फाटकातून आत गेली. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. मुलीला काढून टाकतील का, पाठ्यवृत्ती परत मागतील का, तिला घरी न्यावे लागेल का, याचे मी मनात तीन वेगळे हिशेब मांडले आणि तिन्ही अर्धवट राहिले. चार चहा झाले. एक तास पन्नास मिनिटांनी केतकी बाहेर आली. डोळे लाल होते. तिच्याबरोबर पन्नाशीच्या एक बाई होत्या, साधा सलवार-कमीज, गळ्यात ओळखपत्र. त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आपका जॉन्डिस कैसा है?"

खोटे बोलणे मला तेव्हा जमले नाही. "जी, हुआ ही नहीं था."

"रंग देखकर लग रहा है." त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि चहा मागवला. "गलती पकड़ी, उसके लिए मैंने कुछ नहीं कहा. अच्छा हुआ, रिपोर्ट अभी भेजी नहीं थी. डाँट सात हफ़्ते की पड़ी है. एक फ़ोन कर देती तो अब तक दो महीने की रीडिंग हो जाती." मग केतकीकडे वळून, "कल नौ बजे. मशीन मैं लगाऊँगी, तू देखेगी."

सगळी मापे पुन्हा घ्यायला आठ महिने लागतील. पाठ्यवृत्ती तोवर पुरेल की नाही हे अजून कुणाला माहीत नाही. मॅडम चहा संपवून गेल्या. केतकीने टपरीवर दोन अंडी आणि ब्रेड मागवला आणि मी काही न मोजता दुसरीकडे पाहिले.

मंगळवारी मी एकटाच निघालो. स्टेशनवर केतकी आली नाही. नऊला तिला लॅबमध्ये हजर व्हायचे होते. कुकर तिने ठेवून घेतला. हॉस्टेलच्या खोलीत खिडकीत बसवला आहे म्हणे. चिलखताचा खोका घेऊन मी दिल्लीला उतरलो तर तोच जवान होता. "कुकर कहाँ गया?" म्हणाला. म्हटले, पोस्टिंगवर आहे.

गाडीत बसल्यावर विचार केला. ज्या छंदाला लोक पोरखेळ म्हणतात त्याने मला वाईट दिवसांत तारले, असे मी तेहेतीस वर्षे मानत होतो. ते अर्धेच खरे निघाले. उरलेले अर्धे साड्यांना फॉल लावून कुणीतरी भरत होते. मग मोबाइलमध्ये जुने कॅलेंडर काढून त्या साडेचार महिन्यांचे दिवस मोजले, रविवार वगळून. एकशे बारा आले. रोज सहा तास, तासाला दहा.

बुधवारी सायंकाळी घरी पोहोचलो. सुनंदाने केतकीचे सगळे आधीच फोनवर ऐकले होते. मी जेवण होईपर्यंत थांबलो आणि मग सांगितले. कारखाना, डबा, कॅफे, सगळे. ती ताटे गोळा करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अठरा वर्षं लागली."

"सतरा वर्षं आठ महिने," मी म्हणालो आणि तिच्यापुढे सहा हजार सातशे वीस रुपये ठेवले. येताना एटीएममधून काढून सुटे करून घेतले होते.

तिने ते मोजले. मग त्यातले साठ रुपये काढून माझ्याकडे सरकवले.

"एकशे बारा नाही. एकशे अकरा. एका शनिवारी तुम्हाला ताप होता, तुम्ही गेलाच नव्हता."

मी कपाटातून त्या वर्षीची वही काढली. आठवड्यामागून आठवडा पाहत गेलो. एका शनिवारपुढे 'इतर' हा रकाना रिकामा होता.

दिले: सहा हजार सहाशे साठ रुपये, सुनंदाला. पावती मागितली नाही.